हिंगमिऱ्यांचं पेट्रोल

"आज पेट्रोल नको, गिरिजा. फक्त चाकांतली हवा बघायचीय."

केसकर सरांनी हे गाडीतून न उतरताच सांगितलं आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. एरवी ते फियाटमधून उतरायचे, खिशातला रुमाल काढून टाकीच्या झाकणाभोवतीची धूळ स्वतः पुसायचे, पंपाचा काटा शून्यावर आलाय ना ते वाकून बघायचे आणि मग म्हणायचे, "हं, भरा." त्या दिवशी त्यांनी इंजीनसुद्धा बंद केलं नाही.

अप्पा, म्हणजे माझे वडील, केबिनच्या दारात उभे होते. हवेची नळी घेऊन ते स्वतःच पुढे आले.

"टाकी भरलेली दिसतेय, सर."

"हो. कुर्डुवाडी रस्त्यावर नवा पंप निघालाय ना, तिथं भरली." सर जरा खाकरले. "गैरसमज करून घेऊ नका अप्पा. हा निव्वळ प्रयोग आहे. तुमच्या पेट्रोलवर गाडीचं ॲव्हरेज घसरत चाललंय. कार्बोरेटर साफ करून घेतला, प्लग बदलले, टायर तपासले. काही फरक नाही. बदलायचं राहिलंय ते पेट्रोलच."

"बदलून बघा की," अप्पा म्हणाले. चारी चाकं झाल्यावर त्यांनी नळी गुंडाळून खुंटीला लावली आणि सरांना नेहमीसारखा हात केला.

मी केबिनमध्ये खुर्चीला खिळल्यासारखी बसून राहिले. सरांच्या गाडीतलं पेट्रोल कुठं जातंय हे सगळ्या बार्शीत दोघींनाच ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. त्या दोघींतली एक मी होते आणि दुसरी सरांची बायको.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी पंचविशीत होते, लग्न व्हायचं होतं, आणि सकाळचा पंप मी सांभाळायची. गावात तेव्हा गाडी चालवणारी बाई म्हणजे मीच. मी शाळेत होते तेव्हाच अप्पांनी मला पंपाची जीप शिकवली होती. लोक नावं ठेवायचे. का शिकवली, ते मी कधी विचारलं नाही. मुलगा नाही म्हणून हौस भागवून घेतली असेल, असं मला वाटायचं.

केसकर सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. माणूस सरळ, पण मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. कुठल्या पंपाचं पेट्रोल घेतल्यावर गाडी किती पळते, येडशीचा घाट कुठल्या गिअरमध्ये चढते, चढावर इंजीन खडखडतं का, सकाळी किती वेळा चावी मारावी लागते, हे सगळं त्यांना तोंडपाठ. स्टाफरूममधल्या फळ्याचा एक कोपरा त्यांनी त्यासाठीच राखून ठेवला होता. गावात कुणी स्कूटर घेतली तरी आधी सरांना विचारायचा, पेट्रोल कुठलं घालू? आणि सर वर्षानुवर्षं एकच उत्तर द्यायचे, "हिंगमिऱ्यांचं." म्हणजे आमचं.

त्यांची बायको शैलावहिनी एका दुपारी पंपावर आल्या. पदर खोचलेला, चेहरा उन्हानं लाल झालेला. पेट्रोल घ्यायला आल्या नव्हत्या. चालत आल्या होत्या.

"गिरिजा, मला गाडी शिकवशील?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"गौरीला आकडी आली होती," त्या म्हणाल्या. गौरी त्यांची पाच वर्षांची मुलगी. "ताप डोक्यात गेला. हे पेपर तपासायला कोल्हापूरला. गाडी दारात, किल्ली खिळ्याला. आणि मी पोरीला खांद्यावर टाकून रस्त्यावर धावतेय, एखादा टांगा तरी मिळेल म्हणून. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचली. ह्यांना म्हटलं, मला शिकवा. तर म्हणाले, तू घाबरट आहेस, तुला नाही जमायचं. एकदा फाटकाला घासली होती ना मी, ते धरून बसलेत."

"मग सरांना न सांगता?"

"लायसन्स हातात आलं की मीच सांगेन. कागद समोर ठेवला की ते ऐकतात. नुसतं बोललेलं ऐकत नाहीत."

सरांचं घर गावाबाहेर परांडा रस्त्यावर होतं. आजूबाजूला नुसते आखलेले प्लॉट आणि माळ. सर कॉलेजला सायकलनं जायचे, गौरी शाळेत. मी लुना घेऊन दुपारची तिकडे जाऊ लागले. अप्पांना सांगितलं, वहिनींकडे इंग्रजी शिकायला जाते. "जा की," ते म्हणाले.

किलोमीटरचा आकडा पुढे सरकला तर सरांना लगेच कळलं असतं. म्हणून गाडीच्या मीटरमागची केबल मी हातानं सोडायची. मग गाडी कितीही फिरली तरी आकडा हलायचा नाही. शिकवणी संपली की केबल परत लावून टाकायची. ही अक्कल माझीच. आकडा थांबवला म्हणून पेट्रोल थोडंच थांबणार होतं? एवढी साधी गोष्ट, तीही पंपावर वाढलेल्या माझ्या डोक्यात आली नाही.

वहिनी घाबरट मुळीच नव्हत्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी क्लच सोडताना गाडी उड्या मारत नेली आणि दर उडीला मोठ्यानं हसल्या. पुढे पुढे तर माळावरच्या पायवाटेनं त्या गाडी अशी मागं घ्यायच्या की मला आरशात बघायची गरज वाटू नये.

आणि मग सर फक्त हवा भरून गेले.

त्या दुपारी मी वहिनींना म्हटलं, "आपण जाळतोय ते पेट्रोल आपणच परत टाकलं पाहिजे." त्यांना ते लगेच पटलं. दुसऱ्या दिवसापासून मी आमच्या पंपावरून कॅन भरून न्यायला लागले. किती जळलं याचा अंदाज नव्हता. कमी पडायला नको म्हणून मी हात सैल सोडून ओतायची. मनाला टोचत होतं ना, म्हणून जास्तच.

व्हायचं ते झालं. टाकीत नव्या पंपाचं पेट्रोल, वरून आमच्या पंपाचं फुकटचं पेट्रोल, आणि मीटरवर किलोमीटर मोजकेच. नव्या पंपावर सरांच्या गाडीनं इतकं ॲव्हरेज दिलं, जितकं ती नवी असतानाही दिलं नव्हतं. सर हरखून गेले. रविवारी येडशीचा घाट चढून आले आणि सांगत सुटले, "तिसऱ्या गिअरमध्ये चढली! हिंगमिऱ्यांच्या पेट्रोलवर दुसरा टाकावा लागायचा." एकदा मनात बसलं की कानालाही तसंच ऐकू येतं. इंजीनचा आवाजही मऊ झालाय म्हणाले. फळ्यावर नव्या पंपाचं नाव वर गेलं, आमचं खाली आलं, आणि हिंगमिरे या नावापुढे सरांनी एक प्रश्नचिन्ह काढलं.

ते प्रश्नचिन्ह दोन दिवसांत गावभर झालं. सर कुणाला वाईट म्हणाले नव्हते. पण सरांचा शब्द म्हणजे तराजूचा काटा. कुणीतरी म्हणालं, रॉकेल मिसळत असणार. मग एकाच्या स्कूटरचा प्लग काळा पडला, दुसऱ्याची रिक्षा चढावर दम टाकायला लागली. आधी रिक्षावाले तुटले, मग डॉक्टरांच्या गाड्या. अप्पा दुपारभर पंपाच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचे. रस्त्यावरून ओळखीची गाडी गेली की हात वर करायचे. गाडीवाला दुसरीकडे बघायचा.

मी कॅन आता मापून ओतत होते. पण आता उपयोग काय?

"वहिनी, सरांना सांगून टाका ना," मी म्हणाले.

त्यांचे डोळे भरून आले. "पुढच्या आठवड्यात लायसन्सच्या परीक्षेसाठी सोलापूरहून आरटीओचा कॅम्प येतोय. तेवढं होऊ दे गिरिजा. आत्ता सांगितलं तर किल्ली कपाटात जाईल. कायमची."

कुणाला सांगणार नाही असा मी शब्द दिला होता. घरी अप्पांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. जेवताना मी खाली मान घालून भाकरी कुस्करत बसायची.

आणि मग केसकर सर पुन्हा पंपावर आले. या वेळी सायकलवर. चार-सहा माणसं होती, त्यांच्यादेखत म्हणाले, "अप्पा, माझ्या फळ्यामुळे तुमचं नाव खराब होतंय हे मला बरं वाटत नाही. माझं निरीक्षण चूकही असेल. आपण रीतसर चाचणी घेऊ. आठवडाभर माझी गाडी इथं तुमच्या आवारात राहील. एकदा तुमचं पेट्रोल, एकदा त्यांचं. तोच रस्ता, तोच चालवणारा, मापून भरायचं आणि मापून काढायचं. जे निघेल ते मी फळ्यावर लिहीन."

माझ्या जिवात जीव आला. गाडी आमच्या आवारात असली की शिकवणी बंद, आणि शिकवणी बंद म्हटल्यावर दोन्ही पेट्रोल सारखीच निघणार. अप्पा सुटणार, वहिनींचं नाव यायचं नाही. देवानंच सरांना बुद्धी दिली असं मला वाटलं.

"नको," अप्पा म्हणाले.

सरांना ऐकू आलं नसावं. "म्हणजे खर्चाची काळजी करू नका..."

"नको सर. चाचणी नको."

"का बरं?"

"माझी इच्छा नाही." एवढं बोलून अप्पा केबिनमध्ये आले आणि कॅलेंडरकडे बघत उभे राहिले.

बाहेर एक रिक्षावाला दुसऱ्याकडे बघून नुसता हसला. सर सायकल वळवून गेले. जाताना त्यांचा चेहरा उतरला होता. आपलं म्हणणं खरं निघाल्याचा आनंद त्यात नव्हता. कुठलीशी आशा मोडावी तसा दिसत होता.

आणि मी? पेट्रोल चांगलं आहे हे गावात कुणाला माहीत असेल तर ते मला. ॲव्हरेज का घसरलं, का वाढलं, ते मीच घडवलं होतं. तरी त्या दुपारी माझ्या डोक्यात किडा शिरला. माणूस स्वच्छ असेल तर चाचणीला कशाला घाबरेल? आम्ही गाडी फिरवली हे खरं, पण तेवढ्यानं एवढा फरक पडेल? आणि प्लग काळे पडलेले? घाटातला तो दुसरा गिअर? टँकर खाली करताना अप्पा कधीकधी मला घरी पाठवायचे, तेही आठवलं. उन्हात कशाला उभी राहतेस म्हणून पाठवायचे, पण त्या दिवशी त्याचाही मी वेगळा अर्थ लावला.

संध्याकाळी पंप बंद करून अप्पा मागच्या नळावर हात धूत होते. पेट्रोलचा वास जावा म्हणून ते साबण कोपरापर्यंत लावायचे. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"अप्पा, खरं सांगाल?"

"काय?"

"तुम्ही मिसळता का काही?"

नळ चालूच राहिला. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

एका शब्दाचं उत्तर होतं. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मी त्यांच्या हातावरच्या फेसाकडे बघत राहिले.

"बरं," ते म्हणाले. नळ बंद केला, खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेले ती शिकवायला नाही, भांडायला. घर, पंप, बाप, सगळं तुमच्यापायी जायची वेळ आली, असं काहीबाही बोलले. अप्पांनी चाचणीला नकार दिला हेही सांगितलं. आणि शेवटी तेही सांगितलं, "मला भीती वाटतेय वहिनी. खरंच मिसळत असतील तर?"

वहिनी पायरीवर मटकन बसल्या.

"तू असं त्यांना विचारलंस?"

"हो."

"अगं, काय केलंस हे?" त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग कष्टानं बोलायला लागल्या. "तू मध्ये सोलापूरला गेली होतीस ना? त्या दिवशी मी एकटीनंच गाडी काढली. ओढ्याच्या चढावर बंद पडली. काही केल्या सुरू होईना. तेवढ्यात अप्पा परांड्याकडून स्कूटरवर आले. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी काही विचारलं नाही. बॉनेट उघडलं, गाडी सुरू करून दिली. मग म्हणाले, कुणी शिकवलं? मी तुझं नाव सांगितलं. तर हसले. म्हणाले, मग शिकवणी बरोबर चाललीय."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"म्हणाले, का शिकताय ताई? मी गौरीचं सांगितलं. मग म्हणाले, गिरिजाची आई गेली त्या दिवशीसुद्धा जीप दारातच उभी होती. मी सोलापूरला होतो. घरात चालवणारं कुणी नव्हतं."

आई बाळंतपणात गेली, एवढंच मला माहीत होतं. जीपचं कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"आणि चाचणी?" मी विचारलं.

"काल दुपारी येऊन गेले ते इथं. म्हणाले, सर चाचणी मागायला आले होते, मी नाही म्हटलं. पेट्रोल चांगलं निघालं की सर गप्प बसणार नाहीत, मग गाडीतलं पेट्रोल गेलं कुठं म्हणून शोधायला लागतील आणि तुमच्यापाशी येऊन थांबतील. कॅम्प होईपर्यंत मी तोंड उघडत नाही. मी म्हटलं अप्पा, तुमचा धंदा बुडतोय. तर म्हणाले, धंदा परत येतो. आणि गिरिजाला हे सांगू नका म्हणाले. तिला उगीच लाज वाटेल."

दुपारी ते इथं येऊन गेले. आणि त्याच संध्याकाळी नळापाशी मी त्यांना विचारलं.

वहिनींनी कॅम्पची वाट बघितली नाही. त्या संध्याकाळी सर घरी आल्यावर त्यांनी चहासुद्धा टाकला नाही, समोर बसवून सगळं सांगितलं. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फियाट पंपावर आली. वहिनी चालवत होत्या. सर शेजारच्या सीटवर, मांडीवर हात ठेवून ताठ बसलेले, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. वहिनींनी गाडी पंपाला अशी लावली की नळी वाकवायलाही लागू नये. चहाच्या टपरीवरचे रिक्षावाले उठून बघायला लागले.

सर उतरले. झाकण पुसलं. काटा शून्यावर आलाय का ते वाकून बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अप्पा, टाकी भरा. पेट्रोलमध्ये खोट नव्हती. माझ्या हिशेबात एक ड्रायव्हर धरायचा राहून गेला होता."

रिक्षावाले खो खो हसले. अप्पाही हसले. सर नाही हसले. त्यांनी अप्पांचा पेट्रोलनं माखलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

फळा त्यांनी त्याच दिवशी पुसला. वहिनींना पुढच्या कॅम्पला लायसन्स मिळालं. गेलेली गिऱ्हाइकं हळूहळू परत आली. काही नाहीही आली. एकदा कानावर पडलेलं काहींच्या डोक्यातून निघत नाही.

फियाट येऊन गेली त्या रात्री मी जेवण वाढताना म्हटलं, "अप्पा, माझं चुकलं."

"कशात?" अप्पा म्हणाले. "आमटी वाढ."

विषय संपला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप उघडायच्या आधी ते केबिनमध्ये आले. हातात पांढरा गाळणकागद होता. कंपनीचे अधिकारी तपासणीला आले की असाच कागद वापरायचे. अप्पांनी नळीतून पेट्रोलचा एक थेंब त्यावर टाकला आणि कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला. भेसळ असली तर थेंब उडून गेल्यावर मागे तेलकट डाग उरतो. पेट्रोल शुद्ध असलं तर कागद होता तसा कोरा होतो.

"अप्पा, हे कशाला?"

"बघ जरा."

थेंब पसरला, फिकट झाला, गेला.

"डाग राहिला?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी रडून मोकळी झाले असते. गिऱ्हाइकाला विचारावं तसं ते सरळ विचारत होते.

त्यानंतर एकही सकाळ चुकली नाही. माझं लग्न झालं, नवरा इथंच येऊन राहिला, मुलं झाली, आवारातल्या दोन मशिनींच्या चार मशिनी झाल्या. अप्पांचे गुडघे गेले, नजर अधू झाली, तरी ते काठी टेकत यायचे, कापऱ्या हातानं थेंब टाकायचे आणि कागद माझ्यापुढे सरकवायचे. नका हो अप्पा, मला नका दाखवू, असं मी हातापाया पडून सांगितलं. ते म्हणायचे, "मालकानं दाखवायचं असतं, बाळ. बघणाऱ्यानं बघायचं."

मी कागद उजेडाकडे धरायची. अप्पा वाट बघत उभे असायचे.

"नाही, अप्पा," मी म्हणायची.

"बरं," ते म्हणायचे, आणि पंप उघडायला जायचे.